भिक्खुसंघातील मतदान आणि खोंडामळीचा लिलाव : एक चिकित्सा

भारताला संसदीय कार्यपद्धती परकी नाही, ती भिक्खुसंघात पूर्वीच रूढ होती, हे विधान आपल्या व्यासपीठांवरून वारंवार केले जाते. त्याचा आधार निर्विवाद आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघाच्या सभांतील आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतगणना, शलाकेद्वारे होणारे मतदान आणि निषेधाचा ठराव यांचा उल्लेख केला होता. हे नियम तथागतांनी तत्कालीन गणराज्यांच्या सभांमधून घेतले असावेत, असेही त्यांनी सांगितले. त्यापूर्वी, १९२४ साली, काशीप्रसाद जायसवाल यांनी 'हिंदू पॉलिटी' या ग्रंथात ञत्ति, कम्मवाचा, छन्द, सलाका, सलाकागाहापक या पालि संज्ञांना आधुनिक विधिमंडळातील प्रतिशब्द योजून हीच मांडणी विस्ताराने केली होती.

ही मांडणी चुकीची नाही. परंतु आपण ती ज्या रीतीने वापरतो ती रीत अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संघात मतदान होते एवढ्यावरच आपण थांबतो. मताधिक्यालाच नव्हे, तर एकमतालाही विनयाने कोठे अडविले आहे, याचा विचार आपल्या लेखनात क्वचित आढळतो. व्यक्तीच्या अधिकाराच्या दृष्टीने मोलाचा भाग नेमका तोच आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अलीकडच्या इतिहासातील एक घटना समोर ठेवली म्हणजे हे स्पष्ट होईल.

तत्पूर्वी जायसवालांच्या एका प्रतिशब्दाविषयी लिहिणे अगत्याचे आहे. 'गणपूरक' या शब्दासाठी त्यांनी पक्षप्रतोद, म्हणजे 'व्हिप', हा अर्थ सुचविला आणि तो पुढे रूढ झाला. महावग्गातील या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. निरनिराळ्या संघकर्मांसाठी चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खूंची उपस्थिती आवश्यक असे. ती संख्या जो पूर्ण करतो तो गणपूरक. कोणत्या बाजूने मत द्यावे हे तो कोणास सांगत नाही. आज आपण ज्याला व्हिप म्हणतो त्याचे काम अगदी निराळे आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आल्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. पक्षांतराचा बाजार थांबविण्यासाठी हा उपाय योजावा लागला, हे मान्य. पण त्याचे मूळ विनयात शोधणे म्हणजे शब्दाच्या साम्याला भुलणे होय. विनयात मत अग्राह्य ठरविणारी जी दहा कारणे दिली आहेत त्यांत सदस्यांनी 'यथादिट्ठि', म्हणजे स्वतःच्या दृष्टीनुसार, शलाका न घेणे हे एक कारण आहे. दुसऱ्याच्या आदेशाने घेतलेली शलाका त्या कसोटीवर टिकणारी नाही.

आता नंदुरबारची घटना पाहू. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातील चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. १५ जानेवारी हा मतदानाचा दिवस होता. त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या. एक नाशिक जिल्ह्यातील उमराणे व दुसरे नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी. दोन्ही ठिकाणी पदांचा जाहीर लिलाव झाल्याच्या तक्रारी व ध्वनिचित्रफिती पुढे आल्या होत्या. आयोगाने जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांकडून आणि निरीक्षकांकडून अहवाल मागविले व त्यानंतर हा निर्णय घेतला. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्याप्रमाणे उमराण्याची बोली दोन कोटी पाच लाखांवर आणि खोंडामळीची बेचाळीस लाखांवर गेली होती. ही रक्कम देवळाच्या कामी लागणार, असे सांगितले जात होते. सर्वाधिक बोली बोलणाऱ्याच्या विरोधात कोणी अर्ज ठेवावयाचा नाही आणि निवडणूक 'बिनविरोध' झाली असे जाहीर व्हावयाचे, अशी ही पद्धत असते.

या पद्धतीच्या समर्थनार्थ जे बोलले जाते ते सर्वस्वी टाकाऊ नाही; चिकित्सकाने त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या निवडणुका आपल्या राज्यात पक्षचिन्हांवर होत नाहीत. त्या पॅनलवर होतात. पॅनल म्हणजे बहुधा भाऊबंदकी, जात आणि तालुक्याच्या पुढाऱ्याची छाया यांचे मिश्रण असते. निवडणूक संपते, गट मात्र राहतात. पाच वर्षे पाणवठ्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत त्यांचे पडसाद उमटत राहतात. त्यापेक्षा सर्वांनी बसून एकमताने ठरविले आणि पैसाही गावाच्या कामी आला, तर बिघडले कोठे, असा हा युक्तिवाद आहे. शासनानेही या भावनेला कमी खतपाणी घातलेले नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली, आणि २०२०-२१ च्या त्याच निवडणुकांत काही आमदारांनी बिनविरोध गावांसाठी निधी जाहीर केला. गटबाजी हा रोग आणि बिनविरोध हे त्याचे औषध, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले असेल तर त्याचा सगळा दोष गावकऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

या समीकरणाची परीक्षा विनयाच्या आधारे करता येते. महावग्गाच्या चम्पेय्यक्खन्धकात कस्सपगोत्त नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो काशी जनपदातील वासभगामात राहत असे. पाहुणे भिक्खू आले तेव्हा त्याने त्यांच्या आसनाची, पाण्याची, यागू व भोजनाची उत्तम व्यवस्था केली. पुढे हे पाहुणे गावात रुळले, त्यांना भिक्षेच्या वाटा ठाऊक झाल्या, तेव्हा गृहस्थांकडे दुसऱ्यांसाठी याचना करीत राहणे बरे नव्हे असा विचार करून त्याने ती धडपड थांबविली. पाहुणे रुष्ट झाले. पूर्वी करीत होता, आता करीत नाही, हा दोष आहे, असे म्हणून त्यांनी त्याला दोष मान्य करण्यास सांगितले. तो मान्य करीना तेव्हा त्याच्यावर उक्खेपनीय कर्म केले, म्हणजे संघव्यवहारातून त्याला दूर केले. कस्सपगोत्त एकटा होता आणि समोरचे पुष्कळ होते. तो चम्पेला गग्गरा पुष्करिणीच्या काठी भगवान बुद्धांकडे गेला आणि आपण दोषी आहोत की नाही, एवढेच त्याने विचारले. तो निर्दोष आहे, त्याच्यावर झालेले कर्म अधम्मिक व 'कुप्प', म्हणजे रद्द होण्यास पात्र आहे, असा निर्णय भगवंतांनी दिला.

याच खन्धकात पुढे संघकर्मांचे चार प्रकार येतात. अधम्माने केलेले वग्गकर्म, अधम्माने केलेले समग्गकर्म, धम्माने केलेले वग्गकर्म आणि धम्माने केलेले समग्गकर्म. यांपैकी केवळ शेवटचे ग्राह्य आहे. येथे थोडी व्युत्पत्ती उपयोगी पडेल. पालीत 'वग्ग' हे रूप दोन शब्दांचे आहे. एक संस्कृत 'वर्ग', म्हणजे समूह. दुसरा 'व्यग्र', म्हणजे फुटलेला, अपुरा. 'समग्ग' म्हणजे 'समग्र'. मराठीत व्यग्र म्हणजे कामात गढलेला असा अर्थ झाला आणि मूळचा विरोध आपल्या कानांना ऐकू येईनासा झाला. विनयात मात्र तो विरोध जिवंत आहे. आपल्या गटापुरती सभा भरवून केलेले कर्म वग्गकर्म होय. गटबाजीचा जो दोष आपण सांगतो तो हाच.

पण या चारांतील दुसरा प्रकार आपल्या विवेचनातून नेहमी निसटतो. 'अधम्मेन समग्गकम्म' म्हणजे सर्व उपस्थित आहेत, कोणाचा विरोध नाही, एकमत आहे, आणि तरीही कर्म अग्राह्य आहे. एकी हे औषध असते तर हा प्रकार सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. खोंडामळीला जे घडले त्याला याहून नेमकी संज्ञा मला सापडलेली नाही. कोणताही गट फुटून बाहेर पडला नव्हता. गाव एकत्र होते, असे समर्थकच सांगतात. त्या एकत्र गावाने जे विकले ते गावाचे नव्हतेच. उमेदवारी दाखल करण्याचा अधिकार एकेका प्रौढ नागरिकाचा, मत देण्याचा अधिकारही एकेकाचा; ज्यात सामाईक मालकी नाही त्याचा सामाईक लिलाव कसा होणार? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि त्यासाठी त्या काळी पुष्कळ टीकाही सोसली होती. बेचाळीस लाखांची ही बोली त्या निर्णयाचे कारण सांगण्यास पुरेशी आहे.

मौनाचा प्रश्न यातूनच निघतो. संघाच्या कम्मवाचेत प्रस्ताव मांडल्यावर ज्यांना मान्य असेल त्यांनी गप्प राहावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे, अशी रीत आहे. महत्त्वाच्या कर्मांत ही घोषणा तीनदा होते. मौन म्हणजे संमती. चीवर आणि पात्र एवढीच मालमत्ता असलेल्या भिक्खूंच्या सभेत हा नियम न्याय्य आहे, कारण तेथे बोलणाऱ्याची मजुरी बुडत नाही. लिलावाच्या बैठकीत मागे बसलेल्या शेतमजुराचे मौन त्याच मापाने मोजता येत नाही. या जिल्ह्याला तर हे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी. शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ साली उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी जे काम केले ते मुळात भिल्ल मजुराला मालकासमोर तोंड उघडता यावे याचेच होते. ज्यांचे मौन मोडण्यासाठी चळवळ करावी लागली, त्यांच्या मौनाला संमती म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणूनच गुप्त मतदानाचा विचार करताना अट्ठकथेशी मतभेद नोंदविणे भाग आहे. चुल्लवग्गात शलाका घेण्याचे तीन प्रकार आहेत. गूळ्हक म्हणजे गुप्त, विवटक म्हणजे उघड, आणि सकण्णजप्पक म्हणजे कानात कुजबुजून. समन्तपासादिकेचे म्हणणे असे की सभेत निर्लज्जांचा भरणा असेल तर गुप्त पद्धत योजावी, लज्जाशील भिक्खू बहुसंख्य असतील तर उघड, आणि अजाण अधिक असतील तर कानात सांगण्याची. म्हणजे सज्जनांची रीत उघड मतदानाची आणि गुप्तता ही नाइलाजाची तडजोड. आधुनिक कायद्याने हा क्रम उलटा केला आणि तो योग्यच केला. मतपेटीतील गुप्तता दुर्बलाच्या संरक्षणासाठी आहे, मतदाराच्या शीलाशी तिचा संबंध नाही. प्राचीन ग्रंथात आपली आजची मूल्ये शब्दशः सापडलीच पाहिजेत, हा आग्रह सोडला तर असे भेद मोकळेपणाने सांगता येतात.

याहून अवघड जागा पुढेच आहे, आणि आपल्या व्याख्यात्यांनी ती सहसा टाळली आहे. शलाका गोळा करणारा सलाकागाहापक हा छन्द, दोष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची नाही हे जाणणारा असावा, असे विनय सांगतो. ही पाच लक्षणे कोणत्याही निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीत लावण्याजोगी आहेत. परंतु त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की गुप्त पद्धतीत अधम्मवादी अधिक आहेत असे त्याला दिसले तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे सांगून त्या परत घ्याव्यात; धम्मवादी अधिक असतील तर नीट घेतल्या गेल्या असे जाहीर करावे. म्हणजे निकाल पाहून मतदान वैध की अवैध हे ठरणार. हे लोकशाहीचे मतदान नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. संघाला ते चालत असे, कारण धम्म काय आणि अधम्म काय हे तेथे शास्त्याच्या वचनाने आधीच ठरलेले होते आणि मतदान केवळ तंटा मिटविण्यासाठी होते. नागरी समाजात अशी सत्ता कोणा एकाच्या हाती दिली तर प्रत्येक सत्ताधारी गट आपणच धम्मवादी असल्याचे जाहीर करील.

वरकरणी असे वाटेल की १३ जानेवारी २०२१ रोजी निवडणूक आयोगानेही हेच केले. शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून प्रक्रिया रद्द केली. परंतु दोहोंत मोठा फरक आहे. संविधानाच्या २४३ ट या अनुच्छेदाने आयोगाकडे पंचायत निवडणुकांचे पर्यवेक्षण, संचालन व नियंत्रण दिले आहे. कोण निवडून यावा हे ठरविणे त्याच्या कक्षेत नाही, आणि आयोगाने ते ठरविलेही नाही. खोंडामळीच्या मतदाराला 'यथादिट्ठि' शलाका घेण्याची संधी होती काय, एवढाच प्रश्न त्याने पाहिला. आपल्या घटनात्मक व्यवस्थेत धम्माची कसोटी निकालावर नसून मार्गावर आहे. संघाच्या मतदानाशी तुलना करावयाची असेल तर हा भेद सांगूनच केली पाहिजे.

व्यक्तीच्या संरक्षणाचा विनयातील सर्वांत सकस भाग माझ्या मते मतदानात नाहीच. तो सम्मुखाविनयात आहे. ज्याच्यावर कारवाई करावयाची तो समोर असला पाहिजे, त्याला विचारले गेले पाहिजे आणि त्याचे म्हणणे नोंदले गेले पाहिजे. 'असम्मुखा', 'अप्पटिपुच्छा' आणि 'अपटिञ्ञाय' केलेले दंडकर्म अधम्मकर्म ठरते. म्हणजे अनुपस्थितीत, न विचारता आणि कबुलीवाचून कोणासही दंड नाही. सातपुड्याच्या पाड्यांत एखाद्या स्त्रीला डाकीण ठरविले जाते तेव्हा या तिन्ही अटी मोडलेल्या असतात. भगत नाव घेतो, गाव ते उचलून धरतो, आणि तिला विचारण्यापूर्वीच तिचे घर तिचे राहत नाही. ही प्रथाही बहुधा 'समग्ग'च असते. गावात दुसरा गट नसतोच, असेल तर तो भीतीने गप्प असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भागात दीर्घकाळ प्रबोधन केले आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा कृत्यांना गुन्हा ठरविले आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने जातपंचायतीच्या हातातील हत्यार बेकायदेशीर केले. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा असे बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये सुचविले होते; राज्याला तो कायदा करण्यास जवळपास सत्तर वर्षे लागली.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला पुष्कळ अधिकार दिले. हे न्याय्यच झाले. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांनी सरदार सरोवराच्या वेळी दूरच्या सत्तेचा अनुभव घेतला आहे. परंतु दूरच्या सत्तेपासून गावाचे रक्षण आणि गावापासून व्यक्तीचे रक्षण या दोन गोष्टी आहेत. वनहक्काचा वैयक्तिक दावा ग्रामसभेपुढे जातो. तेथे दावेदाराच्या गटाचे बळ नसेल तर दावा मागे पडू शकतो. कायद्याने हे ओळखले आहे. ग्रामसभेच्या ठरावाने अन्याय झालेल्या व्यक्तीला साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. कस्सपगोत्ताचा चम्पेचा रस्ता तो हाच. मात्र धडगावच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला त्या साठ दिवसांची माहिती कोण देतो, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घेण्यासारखा आहे. विनयात आजारी भिक्खू सभेला येऊ शकत नसेल, त्याचा छन्दही आणता येत नसेल, आणि त्याला हलविणे धोक्याचे असेल, तर सर्व संघाने त्याच्यापाशी जाऊन कर्म करावे, पण अपुऱ्या संघाने करू नये, असा नियम आहे. निवडणुकीत आपली यंत्रणा या नियमाच्या जवळ जाते. मणिबेलीचे मतदान पथक जलाशयातून जलमार्गाने पोहोचते. दाद मागण्याच्या बाबतीत तसे होत नाही.

राहता राहिला गटांचा प्रश्न. गट नाहीसे करावे असे विनय म्हणत नाही. कोसम्बीचा कलह स्वतः तथागतांनाही समजावून मिटविता आला नाही. ते तेथून निघून गेले. भिक्खूंना शुद्धीवर आणले ते उपासकांनी, वंदन व भिक्षा थांबवून. आपल्याकडे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते वाचकांना ठाऊक आहे. १९९८ साली एकत्र लढून चार खासदार लोकसभेत गेले आणि ती एकीही टिकली नाही. नेत्यांना एकीचे आवाहन करणारे लेख आपल्या नियतकालिकांत पुष्कळ आले. कोसम्बीच्या उपासकांसारखे वागावे काय, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

त्या कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे. हे भांडखोर भिक्खू सावत्थीस येऊ लागले तेव्हा त्यांच्याशी कसे वागावे, असे सारिपुत्तांनी विचारले. त्यांना निराळी शयनासने द्यावीत, असे भगवंतांनी सांगितले. आणि पुढे, 'आमिस' म्हणजे भोजनादी वस्तू मात्र सर्वांना सारख्या वाटाव्यात. कलह मिटलेला नाही, दोषी कोण ते ठरलेले नाही, तरी वाटा समान. ग्रामपंचायतीच्या घरकुल यादीत, रोजगार हमीच्या कामावर, रेशनच्या दुकानात हरलेल्या पॅनलच्या माणसाला काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे. अनाथपिंडिकाने विचारले तेव्हा त्यालाही तेच सांगितले गेले. दोन्ही बाजूंना दान दे, दोन्ही बाजूंचा धम्म ऐक आणि मग जे धम्मवादी असतील त्यांचे मत स्वीकार. धम्मवादी व अधम्मवादी ओळखण्याची अठरा लक्षणे तेथे दिली आहेत. कोणाकडे किती माणसे आहेत, हे त्यांत नाही.